अरहम ओरडत नाही

मैत्री खोब्रागडेने नागपुरात इंजिनिअरिंग केलं, मग आखातात येऊन रुसैलच्या एका कारखान्यात तीन वर्षं मीटर तपासले आणि शेवटी तिथल्याच बरक्याच्या फुटबॉल क्लबात व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट झाली. आईला फोनवर समजावता समजावता दमून तिने शेवटी "मॅच बघायची नोकरी आहे गं" असं सांगून टाकलं. "मग इंजिनिअरिंग कशाला केलंस?" आईने विचारलं.

मार्चमध्ये कोचने तिच्याकडे अरहमचं काम दिलं. अरहम एकवीस वर्षांचा, राइट बॅक, म्हणजे बचावाच्या उजव्या टोकाला खेळणारा. व्यावसायिक खेळाडू म्हणून त्याचं हे पहिलंच वर्ष.

"ठेवायचा की सोडायचा, शनिवारपर्यंत सांग," कोच म्हणाला. "आपण पाच गोल खाल्लेत, पाचही त्याच्या बाजूने."

मैत्रीने त्याच्या नऊ मॅचेस पाहिल्या. पळण्यात पोरगा कुणाला ऐकत नव्हता. कडेने चढाई करणारा समोरचा विंगर निसटला तरी चार ढांगांत त्याला गाठायचा, आणि पाय घालायचा तो नेमका चेंडूवर, माणसावर नाही. डावा पाय मात्र नुसता उभं राहण्यापुरता. त्या पायाने मारलेला चेंडू कुठे जाईल हे चेंडूलाही माहीत नसायचं. आणि ते पाच गोल? पाचही वेळा अरहम आपली जागा सोडून मैदानाच्या मध्यभागी, आणि त्याचा माणूस मोकळा.

"जागा सोडतो," असं तिने लिहिलं. मग सवयीप्रमाणे प्रत्येक गोल वीस सेकंद मागे नेऊन पाहिला आणि लिहिलेलं खोडलं.

पाचापैकी चार वेळा कॅप्टन बद्र पुढे गेला होता आणि त्याला परत येता आलं नव्हतं. बद्र मधला बचावपटू, पस्तिशीचा, गुडघ्याला पट्टा बांधून खेळणारा. त्याच्या मागे पडलेलं भगदाड बुजवायला अरहम धावत होता. पाचव्या गोलात मात्र चूक सरळसरळ अरहमचीच. चेंडूकडे बघत मध्ये ओढला गेला आणि पाठीमागचा माणूस विसरला.

तिने त्याला हे दाखवलं तेव्हा त्याने लॅपटॉपच मिटला.

"दीदी, हे लिहू नका," तो हिंदीत म्हणाला. "बद्रभाईंनी मला गल्लीतल्या मॅचमधून उचलून इथे आणलं."

"नाही लिहिलं तर तू जाशील."

"जाऊ दे."

"अरे, मग त्यांना हाक तरी मार. 'मागे या' म्हण."

"कॅप्टनवर ओरडू?" वडिलांना नावाने हाक मारायला सांगितल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

खेळाडूंचे कपडे आणि बूट सांभाळणारा वेंगुर्ल्याचा दयानंद दारात उभा राहून ऐकत होता. "मॅडम, ह्येका माज्यावांगडा मासळीबाजारात धाडा," तो म्हणाला. "थंय मुको ऱ्हवलो तर बांगडोसुद्धा गावणा नाय."

मंगळवारी सकाळी सहाला तिघं बरक्याच्या मासळीबाजारात पोचले. लिलाव सुरू होता. दयानंदने अरहमला बोली लावायला पुढे ढकललं. अरहम आदबीने काहीतरी पुटपुटला, तोवर मासा दुसऱ्याच्या टोपलीत. दुसरा गेला. तिसराही गेला. चौथ्या वेळी शेजारच्या म्हाताऱ्याने त्याला कोपराने बाजूला सारलं, तसा अरहम असा काही गरजला की लिलाववाला दोन पावलं मागे सरकला. नऊ किलोची सुरमई अरहमच्या गळ्यात पडली.

"खलास," म्हातारा हसत म्हणाला. "तुझीच!"

शुक्रवारच्या मॅचला अठराव्या मिनिटाला बद्र पुढे गेला. अरहम दोन पावलं मध्यभागी धावला, थांबला आणि ओरडला, "बद्र! मागे!" कॅप्टनने दचकून वळून पाहिलं आणि तो परतला. विंगरला जागाच मिळाली नाही. नंतर अरहमच्या डाव्या पायाने घोळ घातलाच आणि एक गोल झाला, पण मॅच बरोबरीत सुटली.

शनिवारी मैत्रीने कोचसमोर रिपोर्ट वाचून दाखवला, त्यातलं एक वाक्यही न गाळता. "ठेवा," तिने शेवटी सांगितलं. कोचने मान डोलावली. बद्रही तिथेच बसला होता. अरहम जमिनीकडे बघत होता.

सगळे गेल्यावर बद्र मागे थांबला. "चार?" त्याने विचारलं.

"चार."

"दाखव."

त्याने चारही गोल पाहिले, मग पुन्हा पाहिले.

"गुडघ्याचं मला माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "पण हा पोरगा इतके दिवस माझ्यासाठी शिव्या खातोय, हे नव्हतं माहीत."

तिथून तो तडक कोचच्या खोलीत गेला.

अरहमला आणखी दोन वर्षांचा करार मिळाला. पुढच्या मॅचला साठाव्या मिनिटाला बद्रने स्वतः हात वर करून बदली खेळाडू मागितला आणि तो बाहेर आला. कॅप्टनचा पट्टा त्याने गोलकीपरच्या दंडावर चढवला. मग बाकावर बसून उरलेला अर्धा तास त्याने एकट्याने गाजवला: "अरहम, पुढे! अरहम, आत! यल्ला, चल, अरहम!" कोचला तोंड उघडायला जागाच उरली नाही.