विमानाचा टाक

शेपटीवर वाळत घातलेली गोधडी. पंखाखाली रवंथ करणारी शेळी. दारावर स्क्रूची चार रिकामी भोकं. सरकारी दप्तरातली एक ओळ: विमान उडण्यायोग्य आहे.

कुसगावच्या हॉटेलपुढं शोभेला ठेवलेल्या त्या विमानाची राखण बबनआबा केदारी करायचे. ही चुकीची नोंद दुरुस्त करायला विमान खात्याच्या अरुंधतीबाई आल्या होत्या. दारावरच्या पट्टीचा नंबर दप्तराशी जुळला तर ठीक, नाहीतर विमान बेवारस ठरवून उचलून नेणार आणि आबांची राखणदारी संपणार. पण दारावर पट्टीच नव्हती.

"आबा, पट्टी कुठे गेली?"

"घरी, भाजे गावात, देवघरात. दसऱ्याला यंत्र पुजायचं, तर येवढं धूड भाज्याला नेऊ कसं? म्हणून त्याचा टाक नेला."

भाज्यात बाईंनी चप्पल काढली. खंडोबा आणि भवानीच्या टाकांमध्ये पट्टी हळदीनं माखून बसली होती. आबांनी ती पुसली. नंबर जुळला.

"चला, परत जागेवर लावू."

"आज मंगळवार, भवानीचा वार. तिच्या शेजारनं कुणाला उठवायचं न्हाई."

बाईंनी लिहिलं: पट्टीची जागा, देवघर, भाजे. मग 'उडण्यायोग्य' खोडायला पेन टेकवलं.

"बाई, त्याच्यासमोर नगा. बाहेर जाऊन लिवा."

त्या ओसरीवर गेल्या.

विमान कुसगावात दोन ट्रेलरवर आलं, तेव्हाच त्याला इंजिन नव्हतं.