चौदा नंबरच्या ओळीत कोणी लिहिलं शून्य

मित्रांनो, मी जमिनीत उभी पुरलेली एक जुनी नळी आहे. हसू नका. सात मीटर लांब, मनगटाएवढी जाड, प्लास्टिकची. वर लोखंडी झाकण आणि त्यावर कोरलेला आकडा, चौदा. जमिनीखालच्या पाण्यात काय मिसळलंय ते कळावं म्हणून मला इथे उभं केलं. डच लोक मला पेइलबाउस म्हणतात. तुम्ही नळी म्हणा, मला चालेल.

नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावाहून सायकलने अर्ध्या तासावर एक लष्करी तळ आहे. तो डचांचा नाही. समुद्रापलीकडच्या एका देशाने तो कित्येक वर्षांपासून वापरायला घेतला आहे. तिथले जवान आग विझवण्याचा सराव करत आणि त्यासाठी पांढरा फेस उडवत. फेस दिसेनासा झाला की माणसांना वाटतं, गेला. तो जात नाही, मित्रांनो, त्यातलं विषारी द्रव्य जमिनीत खाली उतरतं. कुंपणाबाहेर गावकऱ्यांनी भाड्याने घेतलेले भाजीच्या बागांचे छोटे तुकडे आहेत. मी कुंपणाला लागून, बागेच्या बाजूला आहे. माझ्या अंगावरून जे पाणी सरकतं तेच पुढे बागेतल्या हातपंपाला येतं. म्हणून माझा जन्म.

त्या दूरच्या देशाचा कायदा चांगला आहे, बरं का. परदेशातल्या आपल्या प्रत्येक तळाखाली काय मुरलं आहे, याचा अहवाल दर वर्षी संसदेपुढे ठेवायचा. त्या जाडजूड अहवालात मी एक ओळ होते. एवढीशीच, पण मला तिचा अभिमान होता.

दर ऑक्टोबरात हार्म यायचा. मोठ्या हातांचा, एकट्याने बडबडणारा डच माणूस. झाकण उघडून आधी आत साचलेलं शिळं पाणी काढून टाकायचा, ताजं वर येईपर्यंत थांबायचा आणि मगच बाटली भरायचा. पाऊस असो, पाठ दुखत असो, शिळं पाणी त्याने कधी भरलं नाही. माझ्या पाण्यातल्या त्या द्रव्याचा आकडा दर वर्षी थोडा वर सरकायचा, मर्यादेच्या आतच. "चढत्येस गं म्हातारे," हार्म म्हणायचा, "लक्ष ठेवायला हवं तुझ्यावर." कौतुक म्हणाल तर तेवढंच.

त्या देशाची देखरेख समितीही आली दोनदा. मला माणसं मोजायची खोड आहे, म्हणून सांगते. एकूण एकोणीस जण. सतरा जणांनी फोटो काढले, एकाने माझ्या झाकणावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधली आणि एक बाई म्हणाल्या, "जेवण कुठे आहे?" झाकण कोणी उघडलं नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्या शेजारचा तुकडा सौमित्र आणि वैदेही या पुण्याच्या जोडप्याने घेतला. नऊ वर्षांची लेक नीरजा बरोबर. सौमित्र एका कंपनीत ठिकठिकाणचे आकडे जमवून, साफसूफ करून एक तक्ता बनवून द्यायचा. अशी कामं करणारी मराठी माणसं या भागात इतकी झाली आहेत की बाकावर दोघं बसली की तिसरं एक्सेल येऊन बसतंच.

दुसऱ्या उन्हाळ्यात सौमित्रचे वडील जयप्रकाश तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आल्याच्या दुसऱ्या दिवशी बागेत टेप घेऊन हजर.

"खताचा ड्रम इथे ठेवू. खाली लोखंड आहे, पाया पक्का."

"बाबा, ते झाकण कसलं आहे ते विचारायला हवं."

"ड्रेनेजचं असणार. चाळीस वर्षं झाकणंच पाहिली आहेत मी."

पाहिली असतील, उघडून किती पाहिली ते नाही सांगितलं. ड्रम माझ्या डोक्यावर आला. मग आजोबांनी पंप हापसला आणि ते ओंजळीने पाणी प्यायले.

"वा! आणि तुम्ही खुळे बाटलीतलं पिता!"

नीरजाने ओंजळ पुढे केली आणि तीही प्यायली. "लेकर, आजोबा!" ती डचमध्येच म्हणाली. छान आहे म्हणत होती. मी खालून पाहत होते.

त्या ऑक्टोबरात हार्म आला, कुंपणाच्या कडेने तीन फेऱ्या मारल्या, काठी खुपसून पाहिली. ड्रमखाली मी असेन असं त्याला वाटलं नाही. त्याने आकड्याचा रकाना कोरा ठेवला आणि शेऱ्यात लिहिलं, 'सापडली नाही. पुन्हा यावे लागेल.' लिहिताना मोठ्याने वाचायची त्याची सवय, म्हणून मला कळलं.

हिवाळ्यानंतर सौमित्र बाकावर बसून वैदेहीला ऐटीत सांगत होता. त्यांच्या कंपनीला मोठं काम मिळालं होतं, त्याच दूरच्या देशाच्या सगळ्या तळांचा तक्ता.

"दोनशे बारा तळ, वैदेही. कुणी लिहिलंय 'बंद', कुणी 'जाता आलं नाही', कुणी रकाना कोराच सोडलाय. कोरा राहिला की पुढचं गणित अडतं. मी सगळ्या कोऱ्या जागांत शून्य टाकलं. एका ओळीचं काम!"

"आणि शेरे?"

"शेरे कोण वाचतंय! तो रकानाच उडवला."

दोघंही हसली. तो चांगला मुलगा आहे, मित्रांनो. त्याच्या खुर्चीत बसणाऱ्या कुणीही हेच केलं असतं, म्हणून तर मला जास्त वाईट वाटतं.

माझ्या ओळीत शून्य म्हणजे पाणी निर्मळ. अहवालात छापून आलं की त्या कोपऱ्यात धोका नाही. फेस मुरलेली तळावरची माती उपसायचं ठरलं होतं ते रद्द झालं. माझं नाव यादीतून गेलं. हार्मला माझ्याकडे पाठवणं थांबलं. पुढचे दोन उन्हाळे मेथी आली, अंबाडी आली, आजोबा पुन्हा येऊन गेले आणि पंप चालूच होता.

या वर्षी ड्रमचं बूड कुजलं, म्हणून सौमित्रने तो हलवला. त्याच आठवड्यात कुंपणापलीकडच्या नळ्या तपासून परतणाऱ्या हार्मला माझं झाकण दिसलं. यादीत नसताना त्याने शिळं पाणी काढलं, ताज्याची वाट पाहिली, बाटली भरली. आकडा आला मर्यादेच्या नऊ पट.

तो थेट बागेत आला आणि पंपाचा दांडा साखळीने बांधू लागला. सौमित्र धावला. हार्म म्हणाला, "अहवालात शून्य छापलंय. मी शून्य लिहिलं नव्हतं. कोरं सोडलं होतं."

सौमित्र वाफ्यातच बसला.

"काय झालं रे?" वैदेहीने विचारलं.

"ते शून्य माझं आहे."

नीरजाच्या रक्तात ते द्रव्य निघालं. किती आहे, ते कागदावर लिहून येतं. बाहेर काढायचं कसं, याला डॉक्टरांकडे उत्तर नाही. पुण्याहून आजोबा फोनवर एवढंच म्हणाले, "झाकण मी उघडायला हवं होतं रे."

मग सौमित्रने त्या दूरच्या देशातल्या, अहवाल काढणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहिलं. बाकावरच, फोनवर लिहिलं.

"नाव घालणारेस स्वतःचं?" वैदेही म्हणाली. "इथे राहायचं परमिट तुझ्या नोकरीवर आहे आपलं."

"नाव नाही घातलं तर म्हणतील, हार्म चुकला. इथे चाळीस घरं भाजी पिकवतात, वैदेही."

तिने त्याच्या हातातला फोन घेतला, पत्र एकदा वाचलं आणि स्वतःच पाठवलं.

सात आठवड्यांनी उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार. अहवाल सादर झाला आहे. दुरुस्ती पुढील अहवालात करता येते, परंतु नळी क्रमांक चौदा आता यादीत नसल्याने दुरुस्तीसाठी ओळ उपलब्ध नाही. यादीत नसलेल्या नळ्या नियमानुसार बुजवल्या जातील.

सौमित्रची नोकरी गेली. महिनाअखेरीस ती तिघं पुण्याला निघाली आहेत. पंपाला हार्मची साखळी आहे, पण त्यावर कुठल्याही कार्यालयाची पाटी नाही. कालच शेजारच्या वाफ्यातले एक आजोबा ती साखळी ओढून पाहत होते. मंगळवारी माझ्यात चिकणमाती ओततील.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी सौमित्रसारखे तक्ते कराल, कुणी ते सह्या करून पुढे धाडाल. माझं एवढं ऐका. जे पाहिलं नाही तिथे शून्य लिहू नका. माहीत नाही असं लिहायची लाज वाटली तर जागा कोरीच ठेवा. कोरी जागा पाहून निदान कुणीतरी विचारायला येतं. शून्य पाहून कोणी येत नाही.