पायांची साक्ष

मोरोक्कोतल्या मेकनेस शहरात आमच्या गल्लीत कुठल्या बाईच्या अंगावर काय आहे, हे तिच्या नवऱ्याआधी मला कळतं. तीस वर्षं मी हमामात, गल्लीच्या सार्वजनिक न्हाणीघरात, बायकांच्या पाठी घासते आहे. मुलगा लग्नाचा झाला की त्याची आई आधी मला गाठते. पोरगी अंगाने कशी आहे हे मला, ह्या तामूला, विचारायचं, ही इथली रीतच. पोरींनाही ते माहीत असतं, तरी त्या मुकाट्याने येतात, कारण जी येत नाही ती काहीतरी लपवते असं आम्ही सगळ्याच म्हणतो.

माझे स्वतःचे पाय मात्र कोणी बघू नयेत असेच आहेत. गुडघ्याखाली कातडीच्या आत कोणी जाड दोऱ्या कोंबून ठेवल्यात असं वाटतं. गेल्या हिवाळ्यात घोट्याजवळ जखम झाली ती भरेना, तेव्हा सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईने समजावलं, नसांमध्ये बारीक झडपा असतात, त्या वर चढलेलं रक्त खाली येऊ देत नाहीत. त्या सैल पडल्या की रक्त पायात साचतं आणि नसा फुगतात. तासन्‌तास उभं राहणं वाईट, उष्णता वाईट. म्हणजे माझा अख्खा धंदाच वाईट. तिने घट्ट मोजे दिले, पाय उशीवर ठेवून निजायला सांगितलं. माझ्या शेजारी एक नटवी बाई बसली होती, तिच्या मांडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल-निळ्या रेषा. तिला डॉक्टरीण म्हणाली, ह्या नुसत्या दिसायला वाईट, फार तर सुई टोचून घालवू. आणि मला निघताना म्हणाली, तुझं दुखणं बऱ्याचदा आईकडून मुलीकडे जातं, मुलगी असेल तर घेऊन ये, लवकर दाखवलं तर सोपं जातं.

मोजे मी डब्यात टाकले. वाफेत ते कोण घालणार? आणि माझी नुझा पावाच्या दुकानात दिवसभर उभी असली तरी चोवीस वर्षांची, तिला काय धाड भरली होती?

नुझासाठी मी लल्ला बतूलच्या, म्हणजे बतूलबाईंच्या, मुलावर, मुनीरवर दोन वर्षं डोळा ठेवून होते. शाळेत मास्तर, तोंडात शिवी नाही, आईच्या शब्दाबाहेर नाही. दर ईदला मी नुझाच्या हाती त्यांच्याकडे बदामाच्या करंज्या पाठवायची. बतूलने त्या दोन्ही वर्षी खाल्ल्या आणि एक दिवस मलाच विचारायला आली, विणकराची सलवा कशी आहे गं? मी हातातली बादली खाली ठेवली आणि म्हटलं, येऊ दे तिला, बघून सांगते.

गुरुवारी सलवा आली. तिला मी मुद्दाम घुमटाच्या झरोक्याखाली बसवलं. काळा साबण लावला, खरखरीत हातमोज्याने घासलं, पण पोरीच्या अंगात खोट म्हणून सापडेना. मग डाव्या गुडघ्यामागे दिसलं, तळहाताएवढं बारीक रेषांचं जाळं, त्या नटवीच्या मांडीवर होतं तसलंच. समोर बतूल पायावर पाणी ओतत न बघितल्यासारखं बघत होती. मी सलवाचा पाय उजेडाकडे वळवला आणि जरा जास्तच वेळ घासत राहिले.

बाहेर अंग पुसताना बतूलने हळूच विचारलं, "ते गुडघ्यामागे काय गं, तामू?"

मी माझा झगा वर केला आणि पाय पुढे केला. "लल्ला, माझंही अस्संच सुरू झालं होतं. डॉक्टरीण म्हणाली, हे रक्तातनं येतं, आईकडून मुलीकडे. दोन बाळंतपणं होऊ देत, सुनेला उभं राहवणार नाही. मग बसा तुम्हीच भांडी घासत."

डॉक्टरीण ते म्हणाली होतीच. मी फक्त एका पायाचं दुसऱ्या पायाला लावलं.

आजूबाजूच्या चार बायकांनी ते ऐकलं. आठवडाभरात गल्लीतल्या आया आपल्या पोरींच्या पोटऱ्या झरोक्याखाली धरून मला विचारू लागल्या, आणि मी काझी असल्यासारखी निकाल देत होते. सलवाचं जमत आलेलं लग्न मोडलं. ती हमामात यायची थांबली. एकदा रस्त्यात समोर आली, माझ्या पायांकडे बघितलं आणि निघून गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ईदनंतरच्या शुक्रवारी मी बतूलला कुसकुस खायला बोलावलं. नुझाने वाढलं, हातावर पाणी घातलं, पुदिन्याचा चहा केला. बतूल पोटभर जेवली, चहाचे दोन पेले प्यायली, नुझा आत गेल्यावर माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "पोरगी गुणाची आहे. पण तू शिकवलंस ते मी विसरले नाही. आईकडून मुलीकडे. सलवाच्या आईचे पाय मी नंतर मुद्दाम पाहिले, नितळ आहेत. तुझे तर सगळा गाव रोज बघतो."

"माझ्या नुझाला काही नाही, लल्ला. दुधासारखे पाय आहेत."

"मग वर्षभर हमामात का येत नाही?"

वाफेने तिला चक्कर येते, असं मी म्हणाले. ज्या आयांना मी आजवर हसत आले, त्या अगदी हेच म्हणतात.

बतूल गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन तिच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. नुझा भांडी घासत होती. तिने हात पुसले, पाय स्टुलावर ठेवला आणि पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला. पोटरीवर जाड, गाठीगाठीची नस होती, माझी ज्या वाटेने जाते त्याच वाटेने गेलेली.

"वर्ष झालं," ती म्हणाली. "संध्याकाळी पाय शिशासारखे जड होतात. तुला सांगणारच होते."

मी धावत डबा आणला, मोजे काढले. म्हटलं, उद्याच दवाखान्यात जाऊ, लवकर दाखवलं तर सोपं असतं, डॉक्टरीणच म्हणाली होती.

"आणि हे घालून दुकानात उभी राहू?" नुझाने मोजे परत माझ्या मांडीवर ठेवले. "गल्लीतली एकूणएक बाई आता वाकून पाय बघते, आई. तूच शिकवलंस ना त्यांना."

ती पुन्हा भांडी घासायला उभी राहिली. बस तरी, मी म्हणाले, तर तिने पुढचं पातेलं ओढलं.

शनिवारी शिंप्याची बायको आपल्या पोरीला घेऊन माझ्यापुढे बसली. पोरीच्या घोट्यावर दोनचार बारीक निळ्या रेषा होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा न विचारता खरं सांगितलं, ह्याने काही होत नाही, नुसतं दिसतं, आणि जाड नसांवरही औषध आहे, लाजू नये, दाखवून घ्यावं.

ती बाई माझ्याकडे बघून हसली. "आत्ता औषध आठवलं? लल्ला बतूल म्हणत होती ते खरं दिसतंय, तुझ्या नुझालाही आहे."

तिने पोरीला उठवलं आणि दुसऱ्या घासणारीपुढे नेऊन बसवलं.