मोड बंतु

सिद्रामप्पा गेल्यापासून त्यांच्या बायकोच्या, चंद्रव्वाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि शेळगीतल्या बायकांना ही गोष्ट काही पचत नव्हती. "रड की गं बाई, मोकळी हो," असं शेजारची गिरिजाबाई येता-जाता सांगायची. दळण टाकून ये म्हटल्यावर हलवावी तशी चंद्रव्वा मान हलवायची. रडायला तिची ना नव्हती, पण आत काही हलतच नव्हतं. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की आडवी व्हायची.

त्यामुळे मुलगा अमरेश बायकोला घेऊन पुण्याहून आला आणि "अव्वा, आता तू आमच्यासंगं चल, हे घर भाड्यानं देऊ," म्हणाला, तेव्हा ती "बरं" म्हणाली. "भाडेकरूची लेकरं बारकी हायत, परसातला हौद बुजवावा लागंल," म्हणाला, तेव्हाही "बुजव की" म्हणाली. उद्या सकाळी उजनीकडचा एक माणूस हौदातले मासे न्यायला येणार होता आणि त्याच्या मागोमाग मुरमाची ट्रॉली. तो हौद अप्पांचा जीव की प्राण होता, हे अमरेशला ठाऊक होतं. म्हणून आईच्या तोंडाकडं बघत तो जरा थांबला. तिथं काहीच दिसलं नाही. चंद्रव्वा शेंगा फोडत राहिली.

हौद म्हणजे सिद्रामप्पांचं खूळ. उभा जन्म मार्केट यार्डात कांद्याच्या अडतीवर काढलेल्या या माणसाला म्हातारपणी पाण्याचा आवाज हवासा झाला. तोही सोलापुरात, जिथं नळाची वाट बघण्यात निम्मं आयुष्य जातं! हौद बांधला, कमळ लावलं, तांबडे मासे सोडले. लिंगायताच्या घरात मासे म्हणून सगळी गल्ली हसली. "खायाला न्हाईत, बघायला हायत," असं ते दारात येईल त्याला न विचारता सांगायचे. पाणी फिरतं राहावं म्हणून पंप आणला, तोही उन्हावर चालणारा. बॅटरी जोडून घ्या म्हणून अमरेशनं परोपरीनं सांगितलं, पण ऐकतील तर ते सिद्रामप्पा कसले. "ऊन हाय तवर फिरंल, न्हाय तवा निजंल. आपण तरी दुसरं काय करतो?" हौदाशेजारी लोखंडी स्टँडवर पॅनेल बसलं, आणि ऊन वर आलं की पाणी दगडावरून झुळझुळायला लागलं.

गंमत अशी, की या पंपाचा खरा उपयोग झाला तो वाळवणाला. आभाळ आलं की पंप गप्प. स्वयंपाकघरात बसलेल्या चंद्रव्वाला बाहेर बघायचीही गरज नसे. पाण्याचा आवाज थांबला की ती तिथूनच आरोळी ठोकायची, "मोड बंतु रीऽ!" घरातलं नवराबायकोचं बोलणं कानडीत. ढग आला हो, एवढाच त्याचा अर्थ. तिचे गुडघे धरलेले, म्हणून वाळवण काढायचं काम सिद्रामप्पांचं. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायच्या, "बंदे, बंदे," म्हणजे आलो, आलो, असं म्हणत ते धोतर सावरत धावायचे आणि पापड, सांडगे, मिरच्या आत आणून टाकायचे. सून श्रीदेवी बार्शीकडची, कानडीचा गंध नसलेली. नवी असताना ही आरोळी ऐकून ती मटकीला मोड आले का ते बघायला गेली होती, आणि सासऱ्यांनी पुढं कित्येक वर्षं त्यावरून तिला छळलं होतं.

यंदा वाळवण नव्हतं. घरात माणूस गेलं की त्या वर्षी कुरडया-पापड घालत नाहीत. वैशाखाचं आभाळही कोरडं ठणठणीत होतं. पंप दिवसभर चालायचा, चंद्रव्वाच्या कानावर पडायचा, पण तिच्यापर्यंत पोचायचा नाही.

दुपारी श्रीदेवीनं सासऱ्यांचं कपाट आवरायला काढलं. कपडे कुणाला द्यायचे तर स्वच्छ धुऊन द्यावेत, म्हणून तिनं सगळे धुतले. दोरी भरली आणि एक धोतर उरलं. पॅनेल उन्हानं तव्यासारखं तापलेलं. इथं चटकन वाळेल म्हणून तिनं ते त्याच्यावरच पसरलं आणि ती आत गेली. पोर गुणाची, हेतूही चांगला, पण पंपाला ढग काय आणि धोतर काय, दोन्ही सारखेच.

चंद्रव्वा भाकरी थापत होती. बाहेर पाण्याचा आवाज थांबला.

"मोड बंतु रीऽ!"

तिनं मान वर केली नाही. हात फिरत होता, भाकरी मोठी होत होती, आणि कान झोपाळ्याच्या कड्यांकडं लागले होते. कड्या कुरकुरल्या नाहीत. बैठकीत अमरेशचं फोनवरचं बोलणं तुटलं. श्रीदेवी कपाटासमोर होती तशीच उभी राहिली.

मग अमरेश स्वयंपाकघराच्या दारात आला. "अव्वा," तो हळू म्हणाला, "मोड न्हाय गं आला. ऊनच हाय."

चंद्रव्वा उठली. भाकरी तव्यावर तशीच टाकून, गुडघ्यावर हात देत परसात आली. डोळे दिपावेत असं ऊन. ढगाचं नाव नाही. पॅनेलवर धोतर पसरलेलं होतं आणि हौदातलं पाणी निवांत पडलं होतं. तिनं धोतराचं टोक धरून ओढलं. पंप घुरघुरला आणि पाणी पुन्हा दगडावरून वाहू लागलं. तापलेल्या पॅनेलवर धोतर तेवढ्यातच वाळत आलं होतं. आयुष्यभर घातली तशी तिनं त्याची घडी घातली, आणि घडी पुरी होता होता तिच्या ध्यानात आलं, की आज वाळवण काढायला आपल्याला यावं लागलं. ती हौदाच्या कठड्यावर बसली आणि मोठ्यानं रडली. गिरिजाबाई भिंतीवरून डोकावली आणि जन्मात पहिल्यांदाच एक अक्षर न बोलता परत गेली.

आतून भाकरी करपल्याचा वास आला. श्रीदेवी तिकडं पळाली. अमरेश आईजवळ खाली टेकला.

चंद्रव्वानं पदरानं तोंड पुसलं. "त्या मुरूमवाल्याला फोन लाव. येऊ नगंस म्हणून सांग."

"आणि मासे?"

"असू दे हितंच."

"अव्वा, एकटी काय करशील गं हितं?"

चंद्रव्वानं मांडीवरच्या धोतराची घडी सारखी केली.

"फुडल्या साली वाळवण घालायचं हाय," ती म्हणाली. "आता मलाच काढायचं. मोड आलेला कळाया नगं?"