डावा खांदा

माझ्या मावशीच्या कपाटात मोजून सात कपडे होते. दोन गडद पॅन्ट, चार शर्ट आणि एक काळं जाकीट. तरीही ती रस्त्यानं निघाली की अनोळखी माणसंसुद्धा बाजूला होऊन वाट द्यायची. मी शाळेत शिकवते, माझी दोन कपाटं उतू चाललीत, पण तिच्याशेजारी उभी राहिले की नुकतीच झोपेतून उठल्यासारखी दिसायचे.

"खांद्यावर बसलं आणि मनगटावर थांबलं की झालं," ती म्हणायची. "बाकी सगळी हौस."

मावशीनं लग्न केलं नाही. माझी आई गेल्यापासून आम्ही दोघीच एकत्र राहायचो. एका बातम्यांच्या वाहिनीवर ती एकोणीस वर्षं कपडेपट सांभाळत होती. खोलीला खिडकी नव्हती. एक लांब आरसा, इस्त्रीचं टेबल, मशीन आणि भिंतभर हँगर. अख्खं ऑफिस तिला मावशीच म्हणायचं.

सातच्या बातम्या देणाऱ्या बाई होत्या, त्यांना सगळे बाईसाहेब म्हणत. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा गळ्याशी झालर, बाह्यांवर चमकी आणि कानात झुंबरं असा थाट होता. मावशीनं एकेक करून सगळं उतरवलं. "लोकांना बातमी लक्षात राहायला हवी, कॉलर नव्हे," म्हणाली. आठ साधी जाकिटं आणि सहा शर्ट तिनं निवडले, कुठलाही कशावरही चालेल असे. त्याहून मोठं काम कुणालाच दिसत नव्हतं. बाईसाहेबांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. मावशीनं प्रत्येक जाकिटात हातानं पातळ थर रचून असा भराव शिवला, की दहा वर्षांत कॅमेऱ्याला तो खांदा कधी सापडला नाही.

मग एका मासिकात बाईसाहेबांची मुलाखत आली. नीटनेटक्या पेहरावाबद्दल. "माझी नजरच तशी आहे," त्यांनी सांगितलं होतं. "मी सगळं स्वतः निवडते. कपडेपटात एक बाई आहे, ती इस्त्री करून देते."

मावशीनं ते वाचलं आणि मासिक रद्दीत टाकलं. मला वाटलं, विषय संपला.

त्यानंतर महिन्याभरानं राखाडी जाकीट हरवलं. बाईसाहेब ते घालून कुठल्याशा खाजगी समारंभात सूत्रसंचालन करायला गेल्या होत्या, आणि वाहिनीत तशा कामाला सक्त मनाई होती; हे सगळं आम्हाला फार नंतर कळलं. जाकीट कुठे, असं मावशीनं विचारल्यावर त्यांनी सरळ लेखी तक्रार दिली: राखाडी जाकीट, सर्वात खालचं बटण काळं, कपडेपटातून नाहीसं झालं, आणि किल्ली मावशींकडेच असते.

दुपारी भरल्या ऑफिसात मावशीची पिशवी टेबलावर उपडी केली. डबा, चष्मा, टाचण्यांची डबी, कंगवा. काही सापडलं नाही. तेव्हा सुरक्षा अधिकाऱ्याची नजर तिच्या अंगातल्या काळ्या जाकिटावर गेली.

"कपडेपटातल्या बाईकडे असला कपडा कुठून आला?"

"मी शिवलाय."

"काढा."

तिनं काढून दिलं. वाहिनीचा शिक्का आहे का बघायला त्यानं कात्रीनं अस्तर उसवलं. शिक्का नव्हताच. बाईसाहेब चार पावलांवर उभ्या राहून फोन बघत होत्या. त्याच संध्याकाळी मावशीला कामावरून काढून घरी पाठवलं.

ती आली तेव्हा जाकीट हातावर होतं, अस्तर लोंबत होतं. मी संतापून वकिलाचं नाव काढलं.

"वकील कागद रंगवेल," ती म्हणाली. "तिनं मला चारचौघांत उभं केलं. मी तिला घराघरांत उभं करीन."

तिचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली. मावशी रागावलेली मी पाहिली होती. डूख धरलेली पहिल्यांदाच पाहत होते.

पुढचे आठ महिने तिनं आमच्या बाहेरच्या खोलीत कपडे दुरुस्तीचं काम केलं. पण सात वाजले की हातातलं सगळं खाली ठेवून टीव्हीसमोर बसायची. मी म्हणायचे, "कशाला जिवाला त्रास करून घेतेस?" तर म्हणे, "त्रास कसला? मजा येतेय." आणि खरंच यायची. बाईसाहेब आता स्वतःच्या नजरेनं कपडे घेत होत्या. "आज पडदा गुंडाळून आलीये," मावशी म्हणायची. "आज बघ, फुलदाणी." जुन्या जाकिटांतला भराव दुसऱ्या कुणीतरी धुऊन, बदलून पार बिघडवला होता. "घसरला," ती एके दिवशी पुढे वाकून म्हणाली. "डावा खांदा. अजून लोकांना कळत नाहीये. कळेल."

मग एका रविवारी हवामान सांगणारी मुलगी आमच्याकडे आली. आवाज बारीक, म्हणून तिला ऑफिसात चिमणी म्हणत. मतमोजणीच्या दिवशी तिला बाईसाहेबांच्या शेजारी बसवणार होते, सलग आठ तास.

"माझ्याकडे धड कपडेच नाहीत हो मावशी," ती रडकुंडीला आली होती.

"कुठल्या बाजूला बसणार?"

"त्यांच्या डावीकडे."

मावशी हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

तिनं चिमणीचे सगळे कपडे पलंगावर पसरायला लावले आणि त्यातला एकच पांढरा शर्ट बाजूला काढला. बाकीचे परत पिशवीत गेले. मग गडद निळं जाकीट शिवायला घेतलं. पंधरा दिवस ती फक्त खांद्यांवर खपत होती. पट्टी लावून बघायची, उसवायची, पुन्हा शिवायची. शेवटी चिमणी आरशासमोर उभी राहिली तेव्हा तिचे खांदे पाण्याच्या पातळीसारखे सरळ होते. मुलगी एकदम मोठी दिसायला लागली. मी कौतुक केलं, तर मावशी हळूच म्हणाली, "हिच्याशेजारी कुणीही वाकडं बसलं, तर आंधळ्यालाही दिसेल."

मतमोजणीच्या तीन दिवस आधी दारावर बेल वाजली. बाहेर स्वतः बाईसाहेब, हातावर सात जाकिटं.

"मावशी, झालं गेलं विसरा," त्या बसायच्या आधीच म्हणाल्या. "एवढं तेवढं नीट करून द्या. मी वर शब्द टाकते, तुम्हाला परत घेतील."

"जाकीट मी चोरलं नव्हतं, हे लिहून द्याल?"

"ते आता कसं लिहू? माझी पण काही इज्जत आहे."

मावशीनं टाचण्यांची डबी पुढे ओढली. मग म्हणाली, "घाला त्यातलं एक."

तिनं त्यांना आरशासमोर उभं केलं. तोंडात टाचण्या धरून ती त्यांच्याभोवती फिरली, खांद्याखाली कापडाच्या घड्या सारल्या, टाचलं, ओढलं, पुन्हा टाचलं. दहा मिनिटांत आरशात दहा वर्षांपूर्वीच्या बाईसाहेब उभ्या होत्या.  त्यांचे डोळे भरून आले.

"नीट बघून घेतलंत?" मावशीनं विचारलं आणि एकेक टाचणी काढायला लागली. घड्या खाली पडल्या. खांदा खाली आला. जाकीट त्यांच्या हातात देऊन ती म्हणाली, "ह्या सातांत आता दम नाही. माझ्या हातचं काही उरलं नाही त्यांत. ते राखाडी असतं ना, तर आठ तास काय, दोन दिवस हललं नसतं. त्याला मी शेवटी नवा भराव घातला होता, कुणी हातही लावला नाही त्याला. पण ते तर चोरीला गेलं."

बाईसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. जाकिटं गोळा केली आणि निघून गेल्या.

"तुला कसं माहीत की ते तिच्याकडे आहे?" मी दार लावल्या लावल्या विचारलं.

"असला कपडा कुणी टाकत नाही," मावशी म्हणाली.

मतमोजणीला मी सुट्टी घेतली. सकाळी आठला बाईसाहेब लाल जाकिटात होत्या. शेजारी चिमणी, निळ्यात. तासाभरात प्रेक्षकांचे निरोप पडद्याखालून सरकायला लागले. कुणी विचारत होतं, बाईंना बरं नाही का? कुणी म्हणे, खुर्ची मोडलीये का? बाईसाहेब कॉलर ओढत होत्या, तिरक्या बसत होत्या, आकडे चुकत होत्या. अकराला त्या मोरपिशी जाकिटात आल्या. खांदा आणखीच पडला. चिमणी होती तशीच बसून एकेक निकाल सांगत होती.

दीडच्या सुमाराला जाहिराती संपल्या आणि पडद्यावर राखाडी जाकीट आलं. खांदे सरळ. सर्वात खालचं बटण काळं.

मावशी उठून टीव्हीजवळ गेली. बोट काचेवर टेकवलं.  

पाच मिनिटांत वाहिनीतल्या मेकअपदादाचा फोन आला. तो इतक्या मोठ्यानं बोलत होता की मला लांबूनही ऐकू आलं. "मावशी, सगळं ऑफिस पडद्यापुढे उभं आहे. साहेबांनी तक्रारीचा कागद मागवलाय. बटणं मोजतायत!"

आठवड्यानं खुद्द व्यवस्थापकांनी बोलावलं. मावशीनं अट घातली: झडतीच्या दिवशी जे जे हजर होते, ते सगळे तिथेच हवेत. त्याच टेबलापाशी. मी तिच्याबरोबर गेले. सुरक्षा अधिकाऱ्यानं मान खाली घालून माफी मागितली.

"अस्तराची पण मागा," मावशी म्हणाली. त्यानं अस्तराचीही मागितली. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

बाईसाहेब भिंतीशी उभ्या होत्या. मावशीनं त्यांना पुढे बोलावलं. "मासिकात म्हणाला होतात, तुमचे कपडे कोण निवडतं. आता इथे सांगा."

 "मावशी," त्या पुटपुटल्या.

"मागे ऐकू नाही गेलं."

"मावशी निवडायच्या. सगळं."

व्यवस्थापक तिथल्या तिथे किल्ली परत द्यायला लागले. मावशीनं घेतली नाही. सातच्या बातम्या चिमणीकडे गेल्या आणि बाईसाहेबांना पहाटेच्या कार्यक्रमावर टाकलं, हे आम्हाला मागाहून कळलं.

परत येताना ती इतकी भराभर चालत होती की मला धावावं लागलं.

"मावशी, त्या बाईचं तोंड बघवत नव्हतं गं," मी म्हणाले. "तुला जरासुद्धा वाईट नाही वाटलं?"

"नाही," ती म्हणाली. "मला फार बरं वाटलं."

घरी येऊन ती पोटभर जेवली आणि भर दुपारी, कपडे न बदलता, गाढ झोपली. सात वाजता मी टीव्ही लावायला गेले, तर उशीत तोंड खुपसूनच म्हणाली, "राहू दे गं. कोण बघतंय."