स्वच्छ प्रत

माझ्या भावाला, क्लाइव्हला, पुस्तकं वाचायला आवडत नाहीत. जवळ ठेवायला आवडतात. तीही कुठली, तर उद्याचं जग कसं नरक होणार हे सांगणाऱ्या कादंबऱ्या, आणि त्याही पहिल्याच छपाईच्या. हॅलिफॅक्समधल्या त्याच्या घरी काचेच्या कपाटात अशी एकसष्ट आहेत. प्रत्येकाच्या वेष्टणावर पारदर्शक कव्हर. ती उघडायची नाहीत. उघडलीच तर अर्धवट, कारण बांधणीला म्हणे ताण बसतो. गाढवाला गुळाची चव काय, दुसरं काय!

बासष्टावं त्याला हवं होतं ते बाबांचं. ‘विसाव्या प्रभागाची माणसं’. बाबा बस चालवायचे. छप्पन साली ते बाजारात आलं त्याच आठवड्यात त्यांनी विकत घेतलं आणि पुढे चाळीस वर्षं त्याच्याशी भांडत राहिले. पानापानाच्या समासात, पेन्सिलीने: ‘साफ खोटं!’ ‘आमच्या डेपोतही हेच.’ ‘हा लेखक कधी रांगेत उभा राहिलाय का?’ दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला, ‘नाही’. भूक लागली तरी नाही, थंडी वाजली तरी नाही. कुठल्या ‘नाही’चा अर्थ काय, ते मला कळतं. दर रविवारी मी शुश्रूषागृहात जाऊन त्यांना त्यांचा समास वाचून दाखवायचे. स्वतःचाच टोमणा ऐकला की खांदे हलवून हसायचे. बाबांचा आवाज म्हणून आता तेवढाच उरला होता.

आणि ते पुस्तक मी क्लाइव्हच्या हातात दिलं. “वेष्टण फाटत चाललंय, नोरीन. कव्हर घालून देतो,” म्हणाला. माझीच अक्कल चरायला गेली होती.

बाबांना एक्याण्णव पूर्ण झाली त्या दिवशी तो शुश्रूषागृहात पुस्तक घेऊन आला. केक कापून झाला, बाबांच्या हनुवटीवरचा चुरा मी पुसला, आणि क्लाइव्हने पिशवीतून पुस्तक काढलं. चेहरा असा खुललेला, जणू लग्नात अंगठी आणलीय.

“बघ! आत्ताच दुकानातून आणल्यासारखं!”

मी एकशे बारावं पान उघडलं. बाबांचा सगळ्यात आवडता टोमणा तिथे होता. समास पांढरा. मागचं पान उलटलं, पांढरं. पुढचंही पांढरं.

“क्लाइव्ह, बाबांचं अक्षर कुठंय?”

“काढलं ना. अकरा संध्याकाळी बसलो होतो, मऊ खोडरबर घेऊन. नशीब पेन्सिल होती. शाई असती तर प्रत कायमची वाया गेली असती.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“खोडताना वाचलंस तरी?”

“वाचत बसलो असतो तर वर्ष गेलं असतं. ओरडू नकोस, लोक बघतायत. अगं, स्वच्छ प्रतीला मान असतो. बाबांच्या वाढदिवसाचीच भेट आहे ही.”

“भेट! मेल्या, या पुस्तकात एक सरकारी खातं आहे, माहितीय? घराघरात शिरून पत्रांवरची अक्षरं पुसतं. माणूस होऊन गेला याचा पुरावा राहू नये म्हणून. त्यांना निदान पगार तरी मिळायचा. तू फुकटात केलंस!”

“मला कसं माहीत असणार?”

“वाचून!”

बाबांनी डावा हात पुढे केला. मी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते एकेक पान उलटू लागले, समासावर बोट ठेवून. शेवटच्या पानापर्यंत गेले, पुस्तक मिटलं आणि क्लाइव्हकडे सरकवलं.

“नाही.”

क्लाइव्हचे डोळे भरून आले. “पाहिलंस? मला दिलं त्यांनी.”

“दिलं नाही रे. परत केलं. हे माझं नाही म्हणाले.”

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी त्याची बाही धरून त्याला त्या खिडकीपाशी ओढलं आणि चाळिसावं पान उजेडात तिरपं धरलं. बाबा पेन्सिल दाबून लिहायचे. शिसं गेलं होतं, पण कागदात खड्डे होते. तिथे काय होतं ते मला पाठ होतं. मी सांगितलं नाही.

“वाच.”

“एवढं उघडू नकोस, बांधणी—”

“बांधणी गेली खड्ड्यात! वाच.”

त्याने चष्मा पुसून पुन्हा लावला. “क्लाइव्ह... आज चार वर्षांचा झाला. मोठा झाला की... त्याला हे पान वाचून दाखवायचं. त्याला...” पुढचं त्याला दिसेना. मी पान जरा कलतं केलं. “त्याला राग यायला हवा.”

तो खिसे चाचपू लागला. “पेन्सिल आहे का तुझ्याकडे? मी गिरवतो गं. सगळं पुन्हा गिरवतो.”

“तुझ्या अक्षरात? हात लावून बघ.”

मी खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी ठेवली. “बस इथे. छापलेलं तर पुसता आलं नाही ना तुला? चाळिसावं पान, वरपासून. मोठ्याने.”

तो अडखळत वाचू लागला. खात्याची माणसं एका म्हातारीच्या दारात येतात तिथे त्याचा आवाज फुटला आणि तो थांबला. बाबांनी त्याच्या मनगटावर बोटं आपटली.

“नाही.”

कसला ‘नाही’ ते मी सांगितलं नाही. माझा राग गेलेला नाही, जाणारही नाही. क्लाइव्हने नाक पुसलं आणि पुढची ओळ वाचायला घेतली.