जहाज वळेपर्यंत

आमच्या नाटकात एक जहाज आहे. दोन कोटी डॉलरचं संगीत नाटक, त्यातले निम्मे पैसे त्या मेल्या जहाजानेच गिळले. दुसऱ्या अंकात ते गर्रकन वळायला हवं, पण महिनाभर त्याला वळायला चार मिनिटं लागायची. मग तेवढा वेळ पडद्यापुढे काहीतरी चालू हवं म्हणून एक गाणं घुसडलं. जहाजावरची धोबीण एकटी पुढे येते आणि गाते. ती धोबीण म्हणजे इव्हलीस.

मी बर्नी. तिला कपडे चढवते आणि उतरवते. ब्रॉडवेवर एकतीस वर्षं हेच करतेय, गुडघे गेलेत, कंबर गेलीय, जीभ तेवढी शाबूत आहे. इव्हलीसबरोबर माझं हे अकरावं वर्ष. तिचं वय त्रेचाळीस, वीस वर्षं घोळक्यात नाचली. कधी वेटर, कधी भूत, एकदा तर चहाची किटली. एकटीचं गाणं हे पहिलंच. ते फक्त जहाजासाठी आहे हे तिलाही ठाऊक होतं. "असू दे गं बर्नी," म्हणायची, "चार मिनिटं तर चार मिनिटं. पापा बसतील समोर."

पापा म्हणजे तिचे वडील, डॉन अन्सेल्मो. त्यांच्या स्पॅनिशमध्ये थोरांना डॉन म्हणतात. ब्रॉन्क्समध्ये राहतात, जन्मभर सिटी बस चालवली. दर नाताळात मला केळीच्या पानात बांधून उकडलेले पास्तेलेस पाठवतात. त्यांचं तिकीट पुढल्या गुरुवारचं, उद्घाटनाच्या प्रयोगाचं. नवा सूट शिवायला टाकला होता. त्याआधीच्या चाचणी प्रयोगांना या म्हटलं तर ऐकेनात. "रोज काहीतरी बदलताय ना तुम्ही? पक्कं झालं की येतो."

मंगळवारी जहाज दुरुस्त झालं. चाळीस सेकंदांत वळलं, आवाज न करता. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जहाजाने आम्हाला इतकं रडवलं होतं की कारागिरांना उचलून नाचायचं तेवढं बाकी होतं. सगळ्यात जोरात इव्हलीसने वाजवल्या. वर त्यांच्यासाठी डोनटचे दोन डबे आणले. माझ्या डोक्यातही काही आलं नाही. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय.

बुधवारी दोनचा प्रयोग होता. सव्वाला डेल्विन माझ्याकडे आला. हा आमचा रंगमंच व्यवस्थापक, बार्बेडोसचा, आवाज कधी चढत नाही. त्याने माझ्या हातात कपडेबदलाचा नवा तक्ता ठेवला. कोण कुठे काय घालणार ते आधी आम्हाला कळतं, कपडे लागतात ना. नट मंडळींना मागाहून.

तक्त्यात धोबिणीचा निळा झगाच नव्हता.

"डेल्विन, हे काय रे?"

"संध्याकाळच्या प्रयोगापासून गाणं नाही. जहाज वळतंय ना आता."

"तिला सांगितलंस?"

"दोन्ही प्रयोगांच्या मधे, सहाला सांगीन. बर्नी, तुला रिवाज माहीत आहे. दीडची हाक झाली की कुणालाही वाईट बातमी द्यायची नाही."

"आत्ता सव्वा झालाय."

"मग पंधरा मिनिटांत तिला रडवून, पुसून, उभी करून दाखव." त्यालाही बरं वाटत नव्हतं, तोंडावर दिसत होतं. "तोंडाला कुलूप लाव. प्लीज."

रिवाज मला कोण शिकवणार? मीच नव्या पोरींना दम देते. आईचा फोन आला, नवरा पळाला, काहीही होवो, पडद्याआधी अर्ध्या तासाची हाक झाली की नटाच्या कानावर जाता कामा नये. मी तिच्या खोलीत गेले. ती आरशापुढे गुणगुणत होती.

"काय गं, चेहरा का असा?"

"कंबर," म्हटलं.

मग जिन्याखाली जाऊन मी डॉन अन्सेल्मोंना फोन लावला.

"डॉन अन्सेल्मो, आज या. आत्ता निघा."

"आज? बुधवार आहे आज. सूट शिंप्याकडे आहे."

"सूट मरू दे हो! मागल्या दाराने या, माझं नाव सांगा."

"पोरगी बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे. या फक्त."

सव्वातीनला पोचले, बस कंपनीचं जुनं जाकीट घालून, गुडघे धरत. दारवान म्हणाला, "बर्नी, प्रयोग चालू असताना बाहेरचा माणूस आत? नोकरी नकोशी झालीय का?" मी म्हटलं, "झालीय. तू तिकडे बघ जरा." त्याने तिकडे बघितलं. नाट्यगृह खचाखच भरलेलं, खुर्ची कुठून आणू? विंगेत जिथे मी तिचे कपडे बदलते, त्या कोपऱ्यात त्यांना उभं केलं. हातात तिची खलाशाची टोपी दिली. "हलायचं नाही, बोलायचं नाही. मागितली की द्यायची."

चारला दहा कमी असताना ती दुसऱ्या बाजूने पडद्यापुढे गेली आणि गायला लागली. गाणं असं बसवलेलं की तिने बंदराकडे हात करायचा, आणि बंदर पलीकडच्या विंगेत. आमच्याकडे पूर्ण वेळ पाठ. हे आधी मला कुठे सुचलं होतं! एकतीस वर्षांत मी तरी तिथून सगळ्यांच्या पाठीच बघितल्यात. म्हातारा टोपी छातीशी धरून ऐकत होता, ओठ हलत होते. पडद्यामागे जहाज केव्हाच वळून उभं होतं, तिचं संपायची वाट बघत. मला त्याला लाथ घालावीशी वाटली.

टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या. ती धावत आमच्याकडे आली, सवयीने दोन्ही हात वर. कपडे बदलायला बावीस सेकंद. मी टॉर्च दातांत धरला, झग्याचे हूक ओढले, आणि उजेड नेमका त्यांच्यावर गेला.

"पापा? तुम्ही गुरुवारी…"

तिथेच थांबली. मग माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं याच धंद्यात काढलीत तिने. सुटाशिवाय, बुधवारी, विंगेत बाप उभा. आणखी काय सांगायचं राहिलं?

"गाणं काढलं?" तिने विचारलं.

"पाय टाक," मी टॉर्चसकट म्हटलं.

तिने विजारीत पाय टाकला. मी कोटाची बटणं लावली, तिची मान ताठ. डॉन अन्सेल्मोंनी टोपी पुढे केली. तिने ती घातली आणि बत्तीस दात दाखवत खलाशांच्या नाचात घुसली.

"छान गायली हो मिहा, माझी पोर," म्हातारा माझ्या कानाशी कुजबुजला. "मला पाठच दिसली. पण हरकत नाही, गुरुवारी समोरून बघतो. सूट शनिवारी मिळतोय."

मी मान हलवली. पुढच्या बदलाचे कपडे हातावर घेतले.

नाच संपला, ती पुढच्या बदलाला परत आली. धापा टाकत होती. काजळ ओघळलं होतं. मी रुमाल पुढे केला, तो तिने घेतला नाही.

"कधी कळलं तुला?"

"सव्वाला."

"मला का नाही सांगितलंस?"

"कोसळली असतीस गं. रिवाज आहे. आणि तुझ्या भल्यासाठीच…"

"बर्नी," ती म्हणाली, अगदी हळू, म्हाताऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "शेवटचं आहे आणि पापा इथे उभे आहेत हे ठाऊक असतं, तर निदान एक ओळ तरी मी इकडे तोंड करून म्हटली असती."

तिने हात वर केले. मी कोटाची बटणं सोडायला लागले.